सात नंबर कोण?

जे. पी. नगर, बेंगळूरु
रविवार सकाळ

प्रिय श्रीरंग,

अक्षर ओळखलंस? डॉक्टर असून हिचं लिहिलेलं वाचता येतं, असं म्हणून तू सगळ्यांसमोर मला चिडवायचास, तेव्हा ओळखलं असशील. अठ्ठावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाहीस. आज माझा नवरा गिरीराज जयनगरच्या बाजारात अवरेकाईच्या शेंगा आणायला गेलाय. तो शाळेत गणित शिकवायचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. तुझ्याबद्दल त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं, आणि हे पत्रही त्याला सांगूनच लिहितेय. जाताना म्हणाला, "आधी सगळं लिही, मग स्वल्प खोड." मी काही खोडणार नाहीये. तासाभरात तो येईल, शेंगा सोलायला मलाच बसवेल, तेवढ्यात लिहून व्हायला हवं.

आधी माझं सांगते. मी मजेत आहे. पत्रात लिहायची रीत म्हणून नव्हे, खरंच. पंचावन्न झाली, गुडघे कुरकुरतात, पण त्याच हॉस्पिटलात, त्याच तळमजल्यावर रोज आठाच्या ठोक्याला प्रयोगशाळेचं दार उघडते, आदल्या दिवशी जंतू वाढायला ठेवलेल्या थाळ्या बाहेर काढते आणि झाकण उचलून कोण उगवलंय ते बघते. तो आनंद अजून तसाच आहे. आता एक यंत्र आलंय, वाढलेल्या जंतूचं नाव ते काही मिनिटांत सांगतं. आपण त्यासाठी दोन-दोन दिवस घालवायचो. पण नाव कळून निम्मंच काम होतं रे. तो कुठल्या औषधाला दाद देतो, हे कळायला अजूनही त्याला वाढू देऊन वाट बघावी लागते. आणि दाद देणं दर वर्षी कमीच होत चाललंय. तुमच्या वॉर्डात आपण ज्या गोळ्या सर्रास लिहायचो, त्यातल्या कित्येक आता नुसत्या यादीत उरल्यात.

हे मी अंदाजाने बोलत नाही. तुझ्या हर्षितानेच त्याचा आलेख काढलाय. तिचा प्रवेशाचा कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा वडिलांच्या नावापाशी मी बराच वेळ थांबले. नागपूरहून इतक्या लांब, तेही नेमक्या याच हॉस्पिटलात, तेही सूक्ष्मजीवशास्त्राला! इथे विभागप्रमुख कोण आहे हे तुला ठाऊक नसणं शक्य नाही. तरी तू तिला अडवलं नाहीस. त्याचा अर्थ काय लावायचा, यावर मी वर्षभर विचार करतेय. तिला एवढंच माहीत आहे की बाबा ऐन उमेदीत दोन वर्षं इथे होते आणि मॅडम त्यांना ओळखायच्या. त्याहून जास्त तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मुलगी गुणी आहे. भात कमी खाते म्हणून कँटीनचे अण्णा तिच्यावर रागावतात आणि कन्नड बोलताना ती प्रत्येक वाक्याला आपल्या "बरं, बरं"सारखं "सरी, सरी" लावते, एवढे दोनच दोष मला सापडलेत. हातात थाळी घेतली की जगाचा विसर पडतो तिला. ऑगस्टमधलं एक सांगते. यशवंतपूरच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी फत्तेसिंग पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तापाने फणफणून आयसीयूत आले. रक्तात जंतू, आणि जंतू असा की आम्ही नेहमी तपासतो त्यातल्या एकाही औषधाला जुमानेना. त्यांची मुलं बाहेर बाकावर ओळीने बसलेली. वरचे डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "आसावरी, काहीतरी दे, नाहीतर हात टेकतो." हर्षिताने दोन औषधं घेतली. दोन्ही एकेकटी त्या जंतूपुढे निकामी. तिने ती एकाच थाळीवर शेजारी-शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून नेलं. दोन्हींच्या मधल्या जागेत जंतू उगवलाच नव्हता. काचेसारखी स्वच्छ जागा! ती दोन औषधं एकत्र सुरू केली आणि चौथ्या दिवशी फत्तेसिंग उशीला टेकून बसले. घरी जाताना त्यांनी प्रयोगशाळेत कांद्याचं पोतं पाठवलं, ते अख्ख्या विभागाला महिनाभर पुरलं.

पण तेवढ्यावर संपलं नाही. त्याच आयसीयूत आणखी दोन रुग्णांना तोच जंतू निघाला. त्यातल्या एक आजी वाचल्या नाहीत. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता, आमच्याच घरात कुठेतरी राहत होता. हर्षिताने एक्केचाळीस ठिकाणचे स्वॅब घेतले. पलंगांच्या कडा, पंपाची बटणं, फोन, पडदे, काही सोडलं नाही. जंतू सापडला तो हात धुवायच्या बेसिनच्या नळीत. तिन्ही रुग्णांचे पलंग त्या बेसिनला लागून होते. पोरीने तीन पानांचा नेटका रिपोर्ट लिहिला, अधीक्षकांना पाठवायला ईमेल तयार ठेवला आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही हो म्हणालात की पाठवते."

मी हो म्हणाले नाही. विचारलं, "शिल्पाश्रीला सांगितलंस?" शिल्पाश्री त्या आयसीयूची मुख्य सिस्टर, अकरा वर्षं तो सांभाळतेय. हर्षिता गोंधळली. म्हणाली, "पुरावा तर पुरावाच आहे ना मॅडम, आधी कोणाला कळला त्याने काय फरक पडतो?"

श्रीरंग, अगदी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी एकदा तुला म्हणाले होते.

मी तिला म्हटलं, खूप फरक पडतो, तू आधी तिच्याकडे जा, कागद न घेता जा. गेली ती. मागाहून मला म्हणाली, सिस्टर पाच मिनिटं नुसत्या रडल्या. मग डोळे पुसून स्वतःच तिला बेसिनपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, उरलेलं दूध, सलाइन आम्हीच ओततो इथे. घाण पाण्याची खोली दोन वळणं पलीकडे आहे, रुग्णाला सोडून कोण जाणार?" हे कुठल्याच स्वॅबमध्ये निघालं नसतं. नळीतल्या जंतूला रोज आयतं खाणं मिळत होतं. रिपोर्टाचं चौथं पान शिल्पाश्रीने सांगितलं आणि खाली हर्षितासोबत स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी बेसिन उखडलं, आता ते दाराजवळ, पलंगांपासून लांब आहे, आणि ओतायची सोय वेगळी केलीय. बारा आठवडे झाले, तो जंतू पुन्हा दिसलेला नाही. शिल्पाश्रीवर कोणी बोट ठेवलं नाही, कारण ती दोषी म्हणून पुढे आली नाही, शोध लावणारी म्हणून आली.

आपल्या वेळी मी हे केलं नाही.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी मला एकदा नीट लिहू दे. खुब्याच्या ऑपरेशनच्या चार जखमा एकामागोमाग चिघळल्या, चारींत एकच जंतू. सुब्बाराव सर तेव्हा आमचे प्रमुख. त्यांनी शस्त्रक्रियागृहातल्या एकोणीस जणांच्या नाकातले स्वॅब घ्यायला लावले. बाटल्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे, आणि कुठला आकडा कोणाचा ती यादी माझ्याकडे. सात नंबरच्या थाळीवर तो उगवला. मी यादी उघडली, मिटली, परत उघडली. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आपण दोघं तुझ्या आईसाठी साडी घ्यायला जाणार होतो. साखरपुड्याला सतरा दिवस उरले होते. दुपारी तीन वाजता मी सरांच्या खोलीत जाऊन रिपोर्ट दिला. चार वाजता त्यांनी तुला बोलावलं. साडेसहाला मी फाटकापाशी उभी होते, तू आला नाहीस.

नाकात जंतू असणं हा कोणाचा गुन्हा नव्हे. पाच दिवस मलम लावलंस आणि तो गेलाही. पण खात्री होईपर्यंत दहा दिवस तुझं ऑपरेशन करणं थांबवलं होतं, त्यावरून लोकांनी अंदाज बांधले, कँटीनमध्ये टेबलं बदलली. तू मला जिन्यात एकदाच विचारलंस, "तासभर आधी मला सांगितलं असतंस तर मी स्वतः सरांकडे गेलो असतो. माझ्यावर तेवढाही भरवसा नव्हता?" आणि मी ते पुराव्याचं वाक्य म्हणाले. पुढच्या महिन्यात तू नागपूरला निघून गेलास.

भरवसा तुझ्यावर होता, श्रीरंग. माझ्यावर नव्हता. तू जर म्हणाला असतास, की परत एकदा तपास, चुकलं असेल, तर मी परत तपासलं असतं, मग आणखी एकदा, आणि तोवर तू पाचवं ऑपरेशन केलं असतंस. तुझ्या डोळ्यांत बघून मी टिकले नसते. म्हणून मी आधी सरांकडे पळाले. नियमाचा आडोसा घेतला आणि वर तुलाच तत्त्व ऐकवलं. रिपोर्ट दिल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता, आजही नाही. त्या जिन्यात मी खरं कारण सांगितलं नाही, याचा मात्र आहे.

त्या चौघांतल्या कस्तुराबाई आठवतात? जयनगरच्या कॉम्प्लेक्सबाहेर फुलं विकायच्या त्या. जखम भरायला सहा महिने लागले, पायात थोडं लंगडेपण राहिलं, पण त्यानंतर सतरा वर्षं त्या तिथेच बसायच्या. मी मोगरा त्यांच्याकडूनच घ्यायचे. त्यांनीच एकदा सांगितलं, की नागपूरला जाईपर्यंत तू दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन स्वतः जखम बांधायचास. दारात उभं राहून "आत येऊ का अक्का?" विचारायचास आणि हात धुवायला दोनदा पाणी मागायचास. तू कोणाला बोलला नाहीस. मला हे कळलं तेव्हा तुझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. मी घरी येऊन गिरीराजला सांगितलं, तो म्हणाला, "चांगला माणूस होता म्हण की." मी म्हटलं, हो.

माझं काही हुकलं असं मात्र मनात आणू नकोस. गिरीराजबरोबरचे हे दिवस माझे आहेत, पुरेपूर आहेत. तुझी सुचेता कशी आहे हे हर्षिताकडून कळतं. तिच्या हातच्या पुडाच्या वड्या दिवाळीत माझ्यापर्यंत पोचल्या. तुम्ही सुखात आहात हे ऐकून मला मनापासून बरं वाटतं.

आता खरं कारण. हर्षिता त्या आलेखासाठी विभागातल्या जुन्या वह्या संगणकात भरतेय. बुधवारी तिच्या हाती ती वही लागली. चार जखमा, एकोणीस आकडे, सातापुढे माझ्या अक्षरातली लाल खूण. नावांची यादी सरांनी तेव्हाच फाडली होती. आता सर सत्त्याऐंशीचे आहेत, त्यांना माझंही नाव कधी-कधी आठवत नाही. हर्षिताला ते प्रकरण महिनाअखेरच्या बैठकीत मांडायचंय. वही मिटून म्हणाली, "मॅडम, सात नंबर कोण?" मी काही बोलायच्या आत तीच सांगायला लागली, की नागपूरला तुमच्या हॉस्पिटलात दर सहा महिन्यांनी तू सगळ्यांत आधी स्वतःच्या नाकातला स्वॅब देतोस आणि तो रिपोर्ट शस्त्रक्रियागृहाच्या दारावर स्वतः चिकटवतोस. "बाबा असं का करतात, कधी सांगत नाहीत," म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काय उमगलंय, काय नाही, मला सांगता येणार नाही. मी एवढंच म्हटलं, की मला एकाला विचारावं लागेल, मग सांगते. ते नाव सांगायचं की नाही, कोणी सांगायचं, हे तू ठरव. तू नको म्हणालास तर सात नंबर वहीत सात नंबरच राहील आणि मी तिला तसं स्पष्ट सांगेन. अजून घराबाहेर मी कोणाशीही बोलले नाही, सरांशी नाही, तिच्याशी नाही. या वेळी, श्रीरंग, मी आधी तुझ्याकडे आलेय.

तुझीच, जेवढी आता म्हणता येईल तेवढी,
आसावरी