घोड्याच्या चित्राची डबी

प्रिय हिरालाल,

वहिनीचं पत्र पाहून दचकू नको. मले अक्षर येत नाही हे तुले माहीत आहे. मी सांगून राहिली, नात भावना लिहून राहिली. पोट्टी मधेच पेन थांबवते, आजी ये मत लिखवाओ म्हणते. मी म्हणते, लिही बाई. लाजायचं तेवढं मी लाजून घेतलं.

तुझे भैय्यालालदादा, म्हणजे आमचा बुढा, बहात्तराव्या वर्षी केस काळे करून रोज समता कॉलनीत तुझ्या जडीबुटीच्या दुकानात बसाले लागले, तेव्हा मले भलताच संशय आला. म्हटलं, रेल्वेतून निवृत्त झालेल्याले या वयात कोणती सटवी भेटली! मग घोड्याच्या चित्राची, मर्दानी ताकदीची डबी सापडली अन् समजलं, सटवी मीच. तू त्याले सांगितलं होतं, दादा, ही दवाई नाही, निव्वळ जडीबुटी, नुकसान काहीच नाही. त्याच्या छातीचं दुखणं तुले माहीत होतं. त्यासाठी दवाखान्यात होता तेव्हा जेवणाचा डबा तूच पोचवत होता. खोटं काहून बोलू, गुण आला. बुढा आठ दिवस मिशीत हसून राहिला. माझा सासरा जन्मभर अश्वगंधा खात होता, पण त्याले अर्ध्या घंट्यात असं काही झाल्याचं सासूनं कधी सांगितलं नाही. तिथंच मी ओळखाले पाहिजे होतं.

मग एका रात्री डबीतलं घेतलं, अन् सकाळी त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरीणबाईनं जिभेखाली गोळी ठेवायच्या आधी विचारलं, आणखी काही घेतात का, ताकदीचं वगैरे? लेक प्रशिक बाजूले, सून बाजूले. डबी माझ्या पिशवीत. अन् मी नाही म्हटलं, हिरालाल. जडीबुटी दवाईत थोडीच येते, असं मनाले समजावलं. गोळी ठेवली, अन् बीपी जे पडलं ते वर आलंच नाही.

विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाले सर्वांत मोठ्यानं तू रडला. मग मले बाजूले घेऊन हळूच विचारलं, वहिनी, ती डबी कुठं आहे? माझं रडणं तिथंच थांबलं. डबीत काय आहे ते तुले ठाऊक होतं.

डबी, तुझं बिल अन् प्रशिकले घेऊन मी नवा रायपूरच्या औषध तपासणीच्या सरकारी ऑफिसात गेली. लेकासमोर सगळं सांगितलं, अर्जावर अंगठा लावला. तपासणीत निघालं की त्या जडीबुटीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं ताकदीचं औषध कुटून टाकलं आहे, तेही नेहमीच्या दुप्पट. ते पोटात असताना जिभेखालची ती गोळी दिली की बीपी कोसळतं. डबीवर त्याचं नाव कुठंच नाही. मी तर अनपढ, पण शिकलेल्यालेही ते वाचता आलं नसतं.

सोमवारी तुझ्या दुकानाले सील लागलं. ऐकलं की समोरच्या दयारामनं चुगली केली म्हणून तू त्याले शिव्या घालत फिरून राहिला. त्या गरिबाचा काही संबंध नाही, म्हणून हे पत्र. शिव्या घालायच्या तर नाव माझं घे, नीट घे. तुझा धंदा आमच्यासारख्यांच्या लाजेवर चालत होता. आता कोर्टात मी उभी राहीन, डॉक्टरणीपाशी लपवलेलं तिथं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगीन, माझी चूकही सांगीन. तू वकील चांगला कर.

तुझीच, अजून जिवंत असलेली,
सत्यभामा वहिनी
(खाली अंगठा माझाच आहे)