जिमच्या रायफलची पिन

९ सप्टेंबर, मंगळवार
विनायक आज आपणहून तळघरात गेला. जानेवारीत नोकरी गेली, मार्चमध्ये पलीकडच्या घरातला त्याचा मित्र जिम वारला, तेव्हापासून माझा नवरा खुर्चीला चिकटलेला. टीव्ही चालू, लक्ष नाही.
सकाळी कॅरोल आली, जिमची बायको. हातात चादरीत गुंडाळलेली रायफल. जिमच्या आजोबांची, शंभर वर्षांच्या वरची, खालचा लिव्हर ओढून भरायची असते तसली. दर शनिवारी हे दोघं ती दुरुस्तीला उघडून बसायचे. अर्धवट राहिली. "व्हिनने पुरी करावी, ही वुड हॅव लव्ह्ड दॅट," म्हणाली आणि रडली. विनायक त्यांचा 'व्हिन'.
घरात बंदूक! माझ्या माहेरी झुरळसुद्धा सुपलीत धरून बाहेर सोडायचे. पण वि.ने ती दोन्ही हातांनी घेतली, तान्हं मूल घेतात तशी. रात्री भाजी मागून घेतली त्याने.

१३ सप्टें., शनि.
जेवताना पेपर नॅपकिनवर चित्र काढून समजावलं. स्प्रिंग गेलेली, लिव्हरचा स्क्रू नाही आणि फायरिंग पिन मोडलेली. पिन म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका मारणारी सळई. ती नसेल तर बंदूक कसली, नुसतं लोखंड, म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.
मोंटानात एक म्हातारा जुने सुटे भाग विकतो. त्याच्याशी फोनवर वाद, आधीचं मॉडेल की नंतरचं. वि.चा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येत होता. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.
सनीव्हेलहून समीरचा फोन. "आई, आर यू सिरियस? बाबांची ही कंडिशन, आणि घरात गन?"
"मोडकी आहे रे."
"तरी."
लेकाचं 'तरी' दिवसभर कानात.

१८ सप्टें., गुरु.
डॉक्टर. वि.च्या डिप्रेशनच्या गोळ्या बदलायच्या का ते ऑक्टोबरच्या शेवटी बघणार. बाई चांगली आहे, घाई करत नाही. झोप, भूक, सगळं विचारून झालं, मग सहज सुरात, "घरात बंदूक वगैरे?"
वि. तोंड उघडणार तेवढ्यात मीच, "ओ नो डॉक्टर, वी आर व्हेजिटेरियन!"
ती हसली. कॉम्प्युटरवर टिक केलं.
पार्किंगमध्ये आल्यावर लक्षात आलं, काय बोलून बसले ते. ती का विचारते ते मला कळत नाही थोडंच. पण परक्या माणसासमोर घराची अब्रू झाकायची सवय अशी हाडीमांसी भिनलेली, की खरं काय ते तोंडातून येण्याआधी खोटं येतं.
सिग्नलला वि. म्हणाला, "व्हेजिटेरियन!" आणि हसला. खरंच हसला, खांदे हलवून. मग परत फिरून चूक दुरुस्त करायचं माझ्याने झालं नाही.

२५ सप्टें.
स्प्रिंग आली. नंतरच्या मॉडेलची निघाली, बसेना. मला वाटलं हा आता पुन्हा खुर्चीत. तर नाही, दोन तास कानस चालवत बसला. "जुन्या वस्तूत एकाचा भाग दुसऱ्यात सरळ जात नाही गं. घासून घासून बसवावा लागतो."
"सुनेसारखं," मी.
"तू कुठे बसलीस अजून?"
बोलला तर. चला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दरवर्षी पाटावर माझी विळी, शिवणाची कात्री, त्याचा मायक्रोमीटर. गेल्या वर्षीपर्यंत मीच आणून मांडायचे. आज तो रायफल घेऊन वर आला, तेल लावून पुसलेली. "शस्त्रपूजा आहे. आज नाही म्हणू नकोस."
कॅरोलच्या बागेतली झेंडूची फुलं. हळदकुंकू वाहताना हात अडला. हिच्याकडे मागायचं काय? मनात म्हटलं, बाई, तुझ्यामुळे हा उठून बसला, उपकार आहेत. पण अशीच मोडकी राहा.

६ ऑक्टो., सोम.
पिन आली. तो आंघोळीला गेला होता. मोंटानाचं छोटं पाकीट, वजन काहीच नाही.
साबुदाण्याच्या डब्यात खुपसली. विचार केलाच नाही, हात आपोआप तिकडे गेला.
"मेल आला का?"
"जाहिराती नुसत्या."

९ ऑक्टो.
मेलबॉक्सजवळ उभा राहतो, टपालाची गाडी येईपर्यंत. आज मोंटानाला फोन केला. तो म्हातारा म्हणतो, डिलिव्हर्ड दाखवतंय. वि.ने माझ्याकडे बघितलं.
"चुकून शेजारी टाकली असेल," मी म्हणाले.
तर हा शेजाऱ्यांकडे विचारायला निघाला! जॅकेट न घालता, एकेका घराची बेल वाजवत. मी खिडकीतून बघत होते. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

१४ ऑक्टो., मंगळ.
परत खुर्ची. दाढी नाही. तळघराचा दिवा चार दिवस लागलेला नाही. पिन दिली तर भीती, न दिली तर हे असं. इकडे आड, तिकडे विहीर. घरात बंदुकीच्या गोळ्या नाहीत, कपाटन् कपाट बघितलं. पण त्यांचं दुकान आहेच की गावात.
कुंपणाशी कॅरोलला सगळं सांगून टाकलं, पिनचंसुद्धा. माझ्या इंग्रजीत. तिने हात धरला. म्हणाली, जिमची बंदुकांची तिजोरी रिकामीच आहे, रायफल झाली की माझ्याकडे ठेवा, हवी तेव्हा येऊन बघू दे त्याला. आणि म्हणाली, "बट आस्क हिम, हनी. स्ट्रेट."
म्हणे सरळ विचार. हे मराठीत नवऱ्याला कोणत्या शब्दांत विचारतात?

१७ ऑक्टो., शुक्र.
चकल्या तळत होते. खालून कानशीचा आवाज. झारा तसाच हातात घेऊन जिन्यात गेले.
"पिन येत नाही तर घरीच करू," म्हणाला. तळघरातल्या त्याच्या छोट्या लेथवर सळई लावलेली. डोळ्याला भिंग. "दोन थाऊ जास्त आहे अजून." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस, त्याच्यापासून मी एक सळई लपवायला निघाले होते!
घाबरले. आणि खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. पहिला घाणा करपला.
दुपारी डॉक्टरला फोन. खरं सांगितलं. रागावली नाही. ती वस्तू घराबाहेर ठेवायची सोय करा म्हणाली. आणि त्यांना विचारा. विचारल्याने असलं काही कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असलेलं बाहेर येतं.
कॅरोल झाली, आता ही. सगळ्या मलाच सांगतात.

२२ ऑक्टो., पाडवा
सकाळी ओवाळलं. तबक हातातच होतं, निरांजन अजून जळत होतं, आणि विचारलं. आज नाही तर कधीच नाही असं वाटलं.
"विनायक, जीव द्यायचं मनात येतं का तुझ्या?"
त्याने निरांजनाला हाताचा आडोसा केला.
"मार्चमध्ये विचारायला हवं होतंस."
तबक खाली ठेवलं.
"आणि आता?"
"येतं मधूनमधून." मग, "पण आता लिव्हरचा स्क्रू यायचाय."
मी रडले, मोठ्याने. तो पाठीवर थोपटत होता, चुकत माकत, बाळाला थोपटतात तसा. स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली पिन आणली, त्याच्या हातावर ठेवली. का लपवली तेही सांगितलं. रागावेल वाटलं होतं. पाकीट झटकून साबुदाणा काढला, पिन उजेडात फिरवून पाहिली. "माझी जास्त चांगली झालीये," म्हणाला.
तिजोरीचं काढलं. "बघू." सोमवारी डॉक्टरकडे येशील का, मार्चचंही सांगशील का? त्यालाही "बघू."
समीरला फोनवर सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "आई, थँक्स फॉर टेलिंग मी." उद्याचं तिकीट बघतोय.

२४ ऑक्टो., शुक्र.
स्क्रू आला. मेलबॉक्समधून काढला आणि थेट त्याच्या हातात दिला. तो जिना उतरून गेला.
तीनच्या सुमाराला खालून लिव्हरचा आवाज, मग खट्. पुन्हा एकदा खट्. मी गॅस बंद करून जिन्यापाशी गेले.
वर आला. "झाली." हात तेलकट, डोळे लाल. "जिम असता तर म्हणाला असता, टूक यू लाँग इनफ."
लगेच कॅरोलकडे नेऊ म्हटलं, तर ती मेन राज्यात बहिणीकडे, तिजोरीची किल्ली तिच्याकडे. रविवारी येणार. समीरला फ्लाइट उद्या संध्याकाळची मिळाली.
गाडीच्या किल्ल्या सकाळपासून माझ्या खिशात आहेत, गोळ्यांच्या दुकानात जाणं नको. रायफल खालीच आहे. खुर्ची उचलली, तळघराच्या दाराला लावून ठेवली, फरसबी मोडायला घेऊन बसले.
"इथे काय करतेस?"
"राखण." खोटं बोलायचं नाही असं आता ठरवलंय.
त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग डायनिंगची खुर्ची ओढत आणली, माझ्या शेजारी लावली, अर्धी फरसबी आपल्याकडे घेतली. शिरा काढता येत नाहीत त्याला, नुसते तुकडे करतो.
सहा वाजत आले. दोघंही अजून इथेच आहोत.