चर्च पलीकडे गेलं

वॉर्सा, १० मार्च १८६१

काल लिहिलं ते चुकलं. चौकात रशियन शिपायांच्या गोळीबारात गेलेल्या पाच जणांच्या अंत्ययात्रेचं चित्र बाबांनी आपल्या शिळाछापखान्यात दगडावर काढून छापलं आहे. त्यात हाताला रुमाल बांधून शवपेटीला खांदा देणारा माणूस आपला सेवेरिन असूच शकत नाही, असं मी लिहिलं — कारण त्याचा डावा हात बांधलेला, माझ्या भावाचा उजवा. पण आज मिस्साच्या प्रार्थनेहून येताना पाहिलं, चर्च रस्त्याच्या या बाजूला, चित्रात पलीकडे! म्हणजे सगळं चित्रच उलटं. दगडावर उलटं काढलं तर कागदावर सुलटं उतरतं — बाबांनीच घरी शिकवलं मला, अक्षरांच्याही आधी. घाईत स्वतःच विसरले.

मग तो हात उजवाच. चेहरा पेटीआड, पण रुमाल पट्ट्यापट्ट्यांचा. मीच बांधला होता. "दारात चेमटला," म्हणाला होता सेवेरिन. दारात चेमटून हात असा फाटतो?

११ मार्च

जेवताना बाबा पुन्हा सुरू. "त्या माणसाला बघ. जखमी हातानं पेटी उचलतोय. आणि आमचे चिरंजीव त्या दिवशी अंथरुणात!"

"सूप गार होतंय, बाबा," सेवेरिन म्हणाला. एवढंच. कसं जमतं याला?

१२ मार्च

दुकानात पोलीस. चौकातून हाताला गोळी लागून निसटलेला कुणी हवाय. चित्र पाहून म्हणाला, "डावा हात. छान." सेवेरिनची डावी बाही वर करायला लावली. काही नाही.

"उजव्याला काय झालं?"

"दारात चेमटला."

"दार जपून लावत जा," हसत गेला. जाताना चित्र घेऊन गेला.

१३ मार्च

शेजारचे पुस्तकबांधणीवाले गाव्रिलकाका चित्र बघून म्हणाले, "काय मास्तर, चर्चनं रस्ता कधी ओलांडला?" बाबा लालबुंद. सोमवारी नवा दगड घेणार, अंत्ययात्रेत काढलेल्या कच्च्या चित्रावरून सुलटं छापणार, विकलेल्या प्रतीही बदलून देणार.

मग पोलिसालाही उजवा हात दिसेल. आयुष्यात एकही चूक मी तशीच राहू दिली नाही. ही एक राहू दे, देवा.

१४ मार्च

सेवेरिन डाव्या हातानं पाव कापत होता. जमेना. बाबांनी त्या पट्ट्यापट्ट्यांच्या रुमालाकडे निरखून पाहिलं. मग सुरी घेतली नि त्याला पाव कापून दिला.

नंतर मला म्हणाले, "पोरी, मिस्साला आम्ही दोघं जाऊ. तू घरी थांब. कच्चं चित्र शेगडीजवळ ठेवलंय. माझ्यानं होणार नाही ते."

रविवारी जाळीन. सतरा मार्चला.