अण्णांचा वॉकर आणि माझा पाठपुरावा

२ मे, शुक्रवार
अण्णांसाठी ऑनलाइन मागवलेला वॉकर २६ एप्रिलला येणार होता. पत्ता नाही. फेब्रुवारीत खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णा भांडुपच्या या दोन खोल्यांत अडकलेत. बारा तारखेला बुद्धपौर्णिमा. विहारात स्वतःच्या पायांनी जाणार म्हणतात. जातील. ऑफिसात माझ्या ड्राफ्टिंगला नाव आहे. एका पत्रात कंपनी सरळ होईल.

३ मे
ईमेल पाठवला. साडेचार पानं. ऑर्डर नंबर लिहायचा राहिला. उद्या वेगळा पाठवेन, दबाव वाढतो.

५ मे, सकाळी ८
शीतल म्हणाली, दुसऱ्या मजल्यावरच्या दत्ताराम परबांच्या माळ्यावर त्यांच्या आईचा वॉकर धूळ खात पडलाय, आणू का? बायकोला कायदा कळत नाही. वॉकर घरात आला तर गैरसोय कुठे उरली? केस कच्ची होते. नको म्हटलं. अण्णा ऐकत होते.

७ मे, दुपारी
कस्टमर केअरला फोन. आज कुणाची गय करायची नाही असं ठरवलं होतं. पलीकडे अनुपमा नावाची मुलगी. गोड मराठी, वाक्यावाक्याला सर. गाव आमच्या महाडजवळचं निघालं. वीस मिनिटं बोललो. नंतर रेटिंगचा मेसेज आला, पाच स्टार दिले.
संध्याकाळी ५ : पाच स्टार दिले की तक्रार आपोआप बंद होते म्हणे. हरकत नाही. माणसं जोडून ठेवावीत.

८ मे
नवीन तक्रार. क्रमांक तोंडपाठ केला. शीतल म्हणते, सरकारी ग्राहक हेल्पलाइनला सांग, दोन मिनिटांचं काम. तिथे साधे लोक जातात. मी ट्विटरवर टाकलं. एक लाइक. माझाच.

१० मे, शनिवार
अण्णांनी पांढरा सदरा इस्त्रीला पाठवला. विचारलं, येईल ना रे? म्हटलं, सोमवारी चार ते सहामध्ये सीनियर मॅनेजर स्वतः फोन करणार. इतक्या वर पोचलोय मी. अण्णा म्हणाले, मग मॅनेजरला धरून चालू काय? थट्टा असावी. नीट झोप नाही. सारखा फोन बघतोय.

१२ मे, सोमवार, संध्याकाळी ७.३०
चारला फोन आला. होल्डवर ठेवलं. एक तास दहा मिनिटं. मध्ये डिलिव्हरीवाल्याचे दोन कॉल येत होते, अनोळखी नंबर म्हणून कट केले. आता अ‍ॅपवर दिसतंय : ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही, पार्सल परत. मॅनेजरने मात्र दिलगिरी व्यक्त केली. दोनदा.
शीतलला सांगायला बाहेर आलो तर घरात कुणी नाही. सातला आले. शीतलने मला न विचारता परबांचा वॉकर खाली आणला होता. अण्णा विहारापर्यंत चालत गेले. चार पावलं, मग थांबा, पुन्हा चार पावलं. आख्खी गल्ली दारात उभी होती म्हणे.
शीतल म्हणाली, निघताना अण्णा पाच मिनिटं तुझ्या खोलीच्या दारात उभे होते. चल म्हणाले. तू हातानेच गप्प बसायला सांगितलंस.
हात केल्याचं आठवतंय. दारात कोण आहे ते मी पाहिलं नव्हतं.