साठ वाक्यांत मी

तीर्थस्वरूप वहिनी,

तुमच्या धाकट्या भावोजींचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझ्या बाबतीत तर तसा लेखी पुरावाच मिळाला आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

झालं असं की, आमच्या चष्म्याच्या दुकानात मी एका निवृत्त मास्तरांना दुसऱ्याच कुणाचा तरी चष्मा देऊन बसलो. (त्या वेळी मी समोरच्या इमारतीच्या काचेत सरकणारं ऊन बघत होतो. ऊन तिसऱ्या मजल्यावर पोचलं की खिडक्या एकेक करून जाग्या झाल्यासारख्या वाटतात. असो.) मास्तरांनी तो चष्मा चार दिवस घातला, वर 'जग जरा मऊ झालंय' म्हणून माझे आभार मानायला आले. ते मालकांनी ऐकलं. गेल्या वर्षभरातली ही माझी तिसरी चूक. मालक भला माणूस, ओरडले नाहीत. पण डोकं तपासून घेतल्याशिवाय काउंटरवर उभं राहायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

तर मी समुपदेशक बाईंकडे गेलो. बाई वयानं तुमच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी एक फॉर्म दिला, त्यात साठ वाक्यं. प्रत्येकापुढे चार चौकोन : अजिबात नाही, थोडंसं, बरंचसं, पूर्णपणे. माणूस स्वतःला किती ओळखतो, ठरवलेलं तडीस नेतो का, दुसऱ्याचं मन त्याला कळतं का, माणसं धरून ठेवता येतात का, हे म्हणे त्यावरून मोजतात. वीस मिनिटांचं काम होतं. मला पावणेतीन तास लागले. पहिलंच वाक्य बघा : 'मी कोण आहे हे मला स्पष्ट ठाऊक असतं.' आता हे सकाळी दात घासताना विचारलंत तर पूर्णपणे. पण दुपारी त्या खोलीत पडदा आत-बाहेर श्वास घेत होता, पंखा कूस बदलल्यासारखा फिरत होता आणि मला खरोखर वाटलं की, आपण म्हणजे हा पडदाच असू. या उत्तराला चौकोन नव्हता. मग मी विचार केला, इथं खरं सांगून नोकरी कशाला घालवा? दुकानात लोक अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात, तसं मी चांगलं चांगलं दिसेल तिथं खूण करत सुटलो.

बाईंनी बेरीज केली, ती पुन्हा एकदा करून पाहिली. म्हणाल्या, "इतका निरोगी माणूस मी अजून पाहिला नाही. म्हणून काळजी वाटते."

मग त्यांनी तोच फॉर्म माझ्याविषयी भरायला हिच्याकडे दिला. हिनं तो भाजी निवडता निवडता अकरा मिनिटांत भरला. (सत्तावीस वर्षांच्या संसाराला अकरा मिनिटं! मी घड्याळ लावून बसलो होतो.) दोन्ही फॉर्म बाईंनी शेजारी शेजारी ठेवले. चष्म्याच्या चुका, हरवलेल्या छत्र्या आठवतील अशा सगळ्या वाक्यांवर हिनं उदारपणे 'थोडंसं' केलं होतं. पण एकेचाळिसाव्या वाक्यावर, 'जवळची नाती मी तुटू देत नाही', तिथं माझं 'पूर्णपणे' होतं आणि हिचं 'अजिबात नाही'. समासात बारीक अक्षरात एकच शब्द : भाऊ.

बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मीच बोलत सुटलो. आबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ बसायची पाळी माझी होती आणि मी दवाखान्याच्या गच्चीवर ढग बघत होतो, हे अकरा वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर बोललो. दादा त्या दिवशी मला काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत. मी उत्तर दिलं नाही. आणि मग आमचं बोलणंच राहून गेलं. वहिनी, तो म्हणाला ते खोटं नव्हतं. मला फक्त ते चौकोनात बसवता आलं नाही.

मालकांनी मला काउंटरवरून काढून आतल्या खोलीत काचा घासायला बसवलं आहे. तिथं पाण्याची बारीक धार आणि घासायच्या चाकाची गुणगुण. मी सुखात आहे. तुम्ही तब्येतीला जपा.

तुमचा,
भावोजी

ता. क. : सोबत तो फॉर्म कोरा पाठवतो आहे. दादाला माझ्याविषयी भरायला सांगाल का? चिठ्ठी-बिठ्ठी लिहायची गरज नाही, नुसत्या खुणा केल्या तरी पुरे. कडक भरला तरी चालेल.

आणखी एक ता. क. : दादा तारखेचा पक्का, शेवटची मुदत विचारेल. खरं सांगतो, बाईंनी माझी फाईल गेल्या महिन्यातच बंद केली. हा फॉर्म मी मुद्दाम मागून आणला. सावकाश भरू दे. फक्त पोस्टानं पाठवू नका. तो घरी असेल असा एखादा दिवस कळवा, मी येऊन घेऊन जाईन.