मधल्या खोलीची खिडकी

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रंगकाम, माझ्या मिळकतीची आणि मनात साठलेल्या गोष्टींची व्यवस्था लावण्यासाठी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. छातीबद्दल त्यांनी तसे काही लिहिलेले नाही, त्यातच काय ते आले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोरल्या मुलाने आणून पाहिला, पण हट्टाच्या बाबतीत मी त्याचा बाप आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. धाकट्या मुलाला पत्रे मात्र पुष्कळ लिहिली आणि सगळी फाडली.

कलम १. राहते घर. पुढची खोली आणि स्वयंपाकघर थोरल्या मुलाचे. माडीवरची खोली मुलीची. तिला आम्ही ताई म्हणतो. ती सासरी सुखात आहे, तरी माहेरी स्वतःच्या नावाचे एक दार असावे. मधली खोली धाकट्या मुलाची. त्या खोलीवर दुसऱ्या कोणाचाही हक्क राहणार नाही.

थोरल्याला पुढची आणि मधली खोली एक करून मोठा हॉल करायचा आहे. भिंत पाडणारा गडी त्याने ठरवूनही टाकला. सूनबाईंनी रंग निवडला, ऑफ व्हाइट. चाळीस वर्षे मी लोकांची घरे रंगवली, आणि माझ्याच घरात असा रंग, जो द्यायचा पण दिसू द्यायचा नाही. बाकी सूनबाई गुणी आहेत, माझ्या गोळ्या वेळेवर त्याच देतात. त्यांनी पुढच्या खोलीला हवा तो रंग द्यावा. मी बघायला नसेन.

कलम २. हत्यारे. ब्रश, भिंत खरवडायचे पत्रे, भेगांत लांबी भरायच्या पट्ट्या, दोन शिड्या आणि दोरखंड धाकट्या मुलाला. तोही परगावी रंगकामच करतो. मोठा ब्रश कोणालाही उसना देऊ नये. शेजारच्या प्लंबरने एकदा नेला आणि त्याने गटार साफ केले. त्या प्लंबरला माझ्याकडून काहीही नाही, नमस्कारसुद्धा नाही.

कलम ३. बँकेत जे असेल ते तिघांत सारखे. त्यावरून भांडण करू नये, भांडण्याइतके ते नाही.

कलम ४. मधली खोली. हे कलम मी चार वेळा लिहायला घेतले. आता लिहितो.

तीस वर्षांपूर्वी, जानेवारीत, ताईचे लग्न सहा दिवसांवर आले होते. पाहुणे उतरणार म्हणून मी सगळे घर नव्याने रंगवायला काढले. मधल्या खोलीचा गिलावा नवा होता, थंडीमुळे वाळत नव्हता. आमच्या धंद्यात अशा वेळी खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. ऊब लागून भिंत लवकर वाळते. पण खिडकी वीतभर उघडी ठेवायचीच, हा नियम. कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच नेतो. हे मला पक्के ठाऊक होते.

तुमची आई म्हणाली होती, "अहो, भिंतीला तिच्या कलाने वाळू द्या की. पाहुणे काय भिंत चाटून बघणार आहेत?"

मी म्हणालो, "रंगाऱ्याच्या घरात ओली भिंत? लोक तोंडात शेण घालतील."

सकाळी मी शेगडी पेटवली. वरच्या झरोक्यावर रंगाचे थेंब उडू नयेत म्हणून मीच कागद चिकटवला होता. धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा, माझ्याच हाताखाली शिकत होता. त्याला सांगितले, "खिडकी वीतभर उघडी ठेव." त्याने ठेवली. वीत घालून मोजली, मी स्वतः पाहिले. मग तो सामान आणायला गेला.

बाराच्या सुमारास रस्त्यावरून खडीच्या गाड्या जाऊ लागल्या. धूळ आत येऊन दारा-खिडकीच्या ओल्या रंगावर बसत होती. मी आत गेलो, झडपेवर पंजा टेकवला आणि खिडकी लावून टाकली. म्हटले, अर्ध्या तासात उघडतो. माडीवर दाराला पॉलिश करत बसलो आणि विसरलो. बाकीच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. तुमची आई पहाटेपासून राबत होती. घरात उबदार आणि रिकामी खोली तेवढी एकच होती. दार लोटून ती जरा पाठ टेकायला गेली.

चार वाजता मी दार उघडले. हाक मारली. मग तिच्याआधी मी खिडकीकडे गेलो आणि ती उघडली. का, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित हवेसाठी, कदाचित माझ्यासाठी.

आमचे हेच डॉक्टर आले. त्यांनी विचारले, "खिडकी बंद होती का?" मी म्हणालो, "हो. धाकट्याने उघडी ठेवायला हवी होती."

धाकटा दारातच उभा होता. म्हणाला, "बाबा, मी ठेवली होती हो. वीतभर. तुम्ही बघितलंत."

त्यावर मी, त्याचा बाप, सगळ्यांसमोर म्हणालो, "मग लावली कोणी? भुतानं?"

थोरला त्या दिवसापासून धाकट्याशी धड बोललेला नाही. थोरल्याची त्यात चूक नाही, त्याने बापावर विश्वास ठेवला. महिनाभराने धाकट्याने पिशवी भरली. जाताना मला म्हणाला, "तुम्ही म्हणता तर माझ्याच हातून झालं असेल. मला आता नीट आठवत नाही." मी त्याची आठवणसुद्धा मोडली. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर तो थांबला असता. मी नाही बोललो. ऐकतो की तो अजून थंडीतही खिडकी बंद करून झोपत नाही, आणि बायको त्याला त्यावरून चिडवते. तिला कारण माहीत नसावे.

त्या सकाळी झडपेला आतून ताजा ऑइल पेंट दिला होता. माझा पंजा त्यात उमटला आणि तसाच वाळला. दर दोन वर्षांनी मी हे घर रंगवले, पण त्या खोलीला ब्रश लावला नाही. लोक म्हणाले, बायकोवर किती जीव! ते ऐकून घेत आलो. ठसा घासून काढायला हात धजला नाही आणि बघवतही नव्हता, म्हणून सुताराकडून भिंतभर कपाट करून घेतले आणि खिडकीपुढे ठेवले. सुताराने माप घेताना ठसा पाहिला, मग माझ्या हाताकडे पाहिले, आणि टेप गुंडाळून ठेवली. तो तीस वर्षे गप्प राहिला. मी त्याला कधी गप्प राहा म्हटले नव्हते.

कलम ५. म्हणून माझी शेवटची ताकीद. धाकटा येऊन पाहीपर्यंत मधल्या खोलीची एक वीटही कोणी हलवायची नाही. तो आला की थोरल्याने आणि ताईने त्याच्यासोबत आत जावे आणि कपाट सरकवावे. जड आहे, दोघे भाऊ लागतील. मुद्दामच जड करून घेतले होते, आता त्याचा उपयोग होईल. मग धाकट्याने त्या ठशावर आपला डावा हात ठेवावा.

त्याची पाची बोटे धड आहेत. माझ्या डाव्या हाताचे करंगळीशेजारचे बोट ताई लहान असतानाच, कामावर, परांचीच्या दोरात अर्धे तुटले. ठशातही ते अर्धेच आहे.

थोरल्या, तू त्याची माफी माग. माझ्यासाठी मागू नकोस. मला माफ करावे अशी तरतूद मी या कागदात केलेली नाही. धाकट्या, खिडकी तू उघडी ठेवली होतीस. तुला बरोबर आठवत होते.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड कुठेही नाही.

स्थळ: मधली खोली, कपाटासमोर.
शनिवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०१९.

सही केली आहे. सहीशेजारी माझा डावा पंजा ऑइल पेंटात बुडवून उमटवला आहे. वाळेपर्यंत कागद दुमडू नये.

साक्षीदार पहिले, डॉक्टर: लिहिणारा शुद्धीवर आहे. त्या दिवशी मी एकच प्रश्न विचारला होता, दुसराही विचारायला हवा होता.

साक्षीदार दुसरे, सुतार: दोन्ही ठसे मी पाहिले आहेत. एकाच हाताचे आहेत.