खालचा आकडा वाढवा!

आदरणीय मेहुणेबुवांच्या चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा रक्तदाब आणि गच्चीतली गळती ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण साथीच्या तापाने अंथरुणावर पडली होती. पण पत्र खाली ठेवून रडत बसू नका, पुढे फार आनंदाचे गणित आहे!

झाले असे, की आमच्या जिन्यावर साथीने आधी दोघांना धरले, वरच्या घड्याळदुरुस्तीवाल्यांना आणि समोरच्या शिंप्याला. घड्याळवाले गेले (देवमाणूस, माझे घड्याळ मात्र त्यांच्याकडेच राहिले). शिंपी वाचला. दोघांत एक, म्हणजे निम्मे! आणि तिसरी तुमची बहीण. पहिला गेला, दुसरा राहिला, मग आता पाळी कोणाची हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? माझी शाळा पाचवीत सुटली, पण एवढे मलाही कळते. मी पलंगाशी बसून तिच्याकडे असा काही बघू लागलो, की तीच म्हणाली, "अहो, तोंड तिकडे करा. जिवंत बाईकडे फोटोसारखं काय बघताय!"

ताप मोजायला येणाऱ्या नर्सबाईंना मी पाळीचे बोललो, तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "आजोबा, हे काय रेशनचं दुकान आहे का, पाळीने न्यायला?" मग त्यांनी समजावले. वर मेलेले लिहायचे, खाली आजारी पडलेले, आणि भागायचे. पण खाली येतात ते फक्त कळलेले. घरात गुपचूप खोकून बरे झालेले कोण मोजतो? म्हणून साथ नवी असताना आकडा भयंकर दिसतो. मेहुणेबुवा, माझ्या डोक्यात दिवा लागला! म्हणजे खालचा आकडा वाढला की मरण कमी! (यावर नर्सबाई मान हलवून आणखी काहीतरी सांगत होत्या, पण तोवर माझा एक पाय चपलेत गेला होता.)

आता आमच्या जिन्यावर खोकला कबूल करणे म्हणजे चोरी कबूल करण्यासारखे. कारण पालिकेची माणसे दारावर कागद चिकटवून जातात, आणि मग दूधवालाही लांबून पिशवी फेकतो. तळमजल्यावरचे गाण्याचे मास्तर म्हणाले, तो खोकला नव्हता, गळा साफ करणे होते. (आठवडाभर? तेही तापात?) पैलवानाने दंड दाखवून विचारले, "या शरीरात रोग शिरेल?" तेवढ्यात आतून त्याची बायको ओरडली, "गॅसवर भांडं जळून कोळसा झालं तरी वास आला नाही, तेव्हा कुठं होतं हे शरीर?" घरमालकीणबाईंनी तर दारच लावून घेतले. मी बाहेरून हात जोडून सांगितले, बाई, तुमचा खोकला मला नको आहे, फक्त त्याची कबुली द्या, माझ्या बायकोचा जीव त्यावर आहे. मग आतून एक बारीक खोकला आला. मला रडूच कोसळले.

रक्त तपासले की येऊन गेलेला रोगही कळतो म्हणतात. नर्सबाईंनी सगळ्यांचे तपासले. बावीस निघाले! बाविसांत एक! मी जिना चढत नव्हतो, उडत होतो. तुमच्या बहिणीला ओरडून सांगितले, अगं, तू निम्म्यातून सुटलीस! ती म्हणाली, "अहो, मला ताप आलाय, भागाकार नाही. जरा पाणी द्या."

यावर नर्सबाईंनी विरजण घातलेच. म्हणाल्या, जे अजून आजारी आहेत त्यांचा निकाल लागायचाय, त्यांना आत्ताच वाचलेले धरू नका. शिवाय साठीपुढच्यांचा हिशेब वेगळा. आमच्या जिन्यावर आजारी पडलेल्यांत साठीपुढचे कोण? घड्याळवाले आणि तुमची बहीण. (घरमालकीणबाई गेली अकरा वर्षे पंचावन्नच्या आहेत.) झाले, पुन्हा दोघांत एक! मी मटकन बसलो. पण तुमच्या बहिणीने ना वर पाहिले ना खाली. तिचा ताप उतरला, ती उठली, आणि मी घराचा उकिरडा केला म्हणून आज सकाळपासून बोलते आहे. इतके गोड बोलणे मी जन्मात ऐकले नव्हते.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि सगळ्यांनाच हात धुवायला सांगणे.

तुमचा,
बहिणीच्या पुण्याईने मेहुणा

ता. क. पत्राचे खरे कारण पुढेच आहे. सकाळपासून माझे कपाळ गरम लागते आहे. नर्सबाईंना सांगितले नाही (दारावर कागद चिकटवतील), तुमच्या बहिणीलाही नाही. साठीपुढे दोघांत एक, आणि तिसरा मी! तेव्हा कृपा करा. मागे तुम्ही आमच्याकडे आठवडाभर राहिलात, तेव्हा रात्रंदिवस खोकत होता आणि दोष आमच्या उशांना देत होता. ताबडतोब रक्त तपासा, आणि निघाला तर रोग आमच्याच जिन्यावर लागला असे नर्सबाईंना लिहून कळवा. तुम्हीही साठीपुढचेच, खालचा आकडा तेवढाच वाढेल.

ता. क. २. दादा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ह्यांना ताप बीप काही नाही, झोपेत थर्मामीटर लावून पाहिला. सारखा हात लावून कपाळ गरम होतं, एवढंच. पण तू रक्त तपास, आणि काहीही निघालं तरी ह्यांना "निघाला" असंच लिही. माझ्यासाठी ह्यांनी दारोदार खोकला मागितला. तू एक खोटा द्यायला काय हरकत आहे?